उशीर झालेल्या बोटीसाठी फोन कोणी करायचा? कोकणातील मच्छीमार सहकारी संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ, सर्व तांडेल व बोटमालक,
मच्छीमार सहकारी संस्था,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे.

विषय : ठरलेल्या वेळेत न परतलेल्या बोटीची खबर तत्काळ देण्यासाठी प्रत्येक संस्थेने रात्रपाळीचा माणूस नेमण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळी मासेमारी बंदी संपत आली आहे. बंदराबंदरांत बोटींची डागडुजी उरकत आली असेल, इंजिने उघडून पुन्हा बसवली जात असतील, जाळ्यांची कामे शेवटच्या टप्प्यात असतील. एकदा नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात गेला की पुढचे नऊ-दहा महिने संस्थेची सभा भरवून निवांत चर्चा करायला कोणालाही सवड मिळत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे. मी दापोली तालुक्यातला, नौदलातून निवृत्त झालेला नौसैनिक आहे. माझ्या आजोळच्या बोटी आजही मासेमारीला जातात. नोकरीच्या अखेरच्या काळात मी नौदलाच्या तळावर ड्यूटी ऑपरेशन्स कंट्रोलर म्हणून काम केले. त्या खोलीत मी जे शिकलो, त्यातली एक पद्धत आपल्या संस्थांनी जशीच्या तशी उचलावी, एवढीच या पत्राची मागणी आहे.

हे काम बाहेरून वाटते तितके थरारक नसते. कोणते जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, त्याला ओढायला किती टग लागतील, जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट कधी चढेल, पाणी आणि इंधन देणारा बार्ज आधी कोणाकडे जाईल, हेलिकॉप्टर केव्हा उडेल, गोळीबाराच्या सरावासाठी समुद्राचा कोणता तुकडा बंद आहे आणि त्याची सूचना बाकीच्या जहाजांपर्यंत पोहोचली आहे की नाही, अशा गोष्टी जुळवण्यात पाळी संपते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे एका जहाजाला अर्धा तास उशीर झाला की मागच्या तिघांचे वेळापत्रक पुढच्या भरतीवर जाते, आणि त्या तिन्ही जहाजांचे अधिकारी फोन मात्र कंट्रोलरलाच करतात. गोपनीयतेच्या शपथेत जे येते ते मी येथे लिहिणार नाही. त्यातले फारसे काही आपल्या उपयोगाचेही नाही.

या रोजच्या हिशेबातच मध्येच एखादा फोन वेगळा येतो. आपल्या देशाच्या व्यवस्थेत समुद्रातील शोध आणि बचावाचे समन्वयन तटरक्षक दलाकडे आहे, आणि त्यासाठी मुंबईत त्यांचे सागरी बचाव समन्वय केंद्र आहे. परंतु जवळपास नौदलाचे जहाज असेल किंवा हेलिकॉप्टर लागणार असेल, तर विचारणा तळाच्या ऑपरेशन्स रूमकडे येते. अमुक बंदरातली बोट परतलेली नाही, शेवटचे बोलणे परवा झाले, पुढे काही माहिती नाही. हा ‘परवा’ ऐकला की त्या खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा उतरतो.

कंट्रोलरच्या खुर्चीवर बसणारा माणूस हुद्द्याने मोठा नसतो. त्याच्याहून कितीतरी वरिष्ठ अधिकारी त्या वेळी घरी झोपलेले असतात. तरीही रात्री अडीच वाजता खबर आली तर काय करायचे, याचा विचार त्याला रात्री अडीच वाजता करावा लागत नाही. कोणाला उठवायचे, कोणाला न उठवता काय सुरू करायचे, कोणत्या जहाजाला तयारीत राहायला सांगायचे, हे स्थायी आदेशांत आधीच लिहिलेले असते. तो वरिष्ठांना कळवतो. त्यांची परवानगी मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही, कारण पहिल्या पावलांची परवानगी त्याला ड्यूटीवर बसतानाच मिळालेली असते. खबर खोटी निघाली तर त्याला कोणी जाब विचारत नाही. खबर मिळूनही तो गप्प राहिला, तर मात्र विचारतात. माझ्या मते संपूर्ण ऑपरेशन्स रूमची ताकद या एका व्यवस्थेत आहे. पडदे, नकाशे आणि रेडिओ त्यानंतर येतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. संध्याकाळी सहापर्यंत येणारी बोट आठ वाजले तरी आली नाही, हे सर्वांत आधी घरच्या बायकांना कळते. त्या दिराला किंवा भावाला सांगतात. तो जेटीवर जाऊन दुसऱ्या बोटींच्या खलाशांना विचारतो. मग मालकाला फोन जातो. मालक म्हणतो, मासा लागला असेल, म्हणून थांबले असतील. सकाळपर्यंत वाट पाहू. सकाळी अध्यक्षांकडे विषय जातो, अध्यक्ष परवाना अधिकाऱ्यांना फोन करतात, कोणी सागरी पोलीस ठाण्यात जातो, तेथे आधी हद्दीचा प्रश्न निघतो. या साखळीतला कोणीही दुष्ट नाही आणि कोणी निष्काळजीही नाही. पण फोन उचलून थेट कळवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे यांतल्या एकालाही वाटत नाही. प्रत्येक जण पुढच्या माणसाच्या होकाराची वाट पाहतो आणि त्या वाट पाहण्यात रात्र जाते.

एका रात्रीने काय बिघडते, ते आकड्यांत सांगतो. इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याने आणि प्रवाहाने ताशी दोन सागरी मैलांपर्यंत वाहू शकते असे धरा. ती कोणत्या दिशेला गेली हे माहीत नसेल, तर तीन तासांनी तिला सहा मैल त्रिज्येच्या वर्तुळात शोधावे लागते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस किलोमीटर होते. बारा तासांनी त्रिज्या चोवीस मैलांची होते आणि क्षेत्रफळ सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर. उशीर चौपट झाला की शोधायचा समुद्र सोळापट होतो. संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ‘सकाळपर्यंत थांबू’ असे म्हणताना आपण एका जिल्ह्याहून मोठ्या समुद्रात चाळीस-पन्नास फुटांची बोट शोधायला सांगत असतो, आणि तीही लाटांच्या माथ्यांमधून अधूनमधूनच दिसणारी. लाकडाच्या किंवा फायबरच्या बोटीवरून रडारच्या लहरी नीट परतत नाहीत. समुद्र खवळलेला असेल तर लाटांचे प्रतिबिंब आणि बोटीचा ठिपका यांत फरक करणे मुरलेल्या डोळ्यांनाही जड जाते.

त्यात पोहोचण्याचा वेळ मिळवा. मुंबईहून हर्णैपर्यंतचे सागरी अंतर साधारण सत्तर मैल, देवगडपर्यंतचे साधारण दीडशे. ताशी वीस मैलांनी निघालेले जहाज हर्णैसमोर साडेतीन तासांनी आणि देवगडसमोर साडेसात तासांनी येईल. रत्नागिरीला तटरक्षक दलाचे ठाणे असल्यामुळे हे अंतर पुष्कळ कमी होते हे खरे, पण जहाज वाटेत असतानाही वर्तुळ वाढतच असते.

अर्थात बोट सगळ्या दिशांना सारखी वाहत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. वारा त्यात आपली भर घालतो. आणि पाण्यात पडलेला माणूस, उलटलेली होडी व केबिन असलेला ट्रॉलर हे तिघे एकाच वाऱ्यात वेगवेगळ्या वाटेने जातात. हा हिशेब करण्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने ‘सारॅट’ नावाची संगणकीय प्रणाली तयार केली आहे. ती प्रवाह आणि वाऱ्याच्या अंदाजावरून शोधाचे क्षेत्र आखून देते. पण तिलाही आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : बोट शेवटची नक्की कोठे होती, आणि नक्की किती वाजता होती. समुद्र वस्तू किती दूर नेतो याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्याने पाहिले आहे. २०२२ च्या जूनअखेरीस मस्कतजवळ इंजिन बिघडल्याने कर्मचाऱ्यांनी सोडून दिलेली ‘लेडी हान’ ही नौका वाहत वाहत १८ ऑगस्टला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागली. तिच्यात रायफली सापडल्यामुळे सारे राज्य हादरले आणि चर्चा रायफलींचीच झाली. ऑपरेशन्स रूममध्ये काम केलेल्या माणसाला मात्र त्या नौकेचा प्रवास अधिक बोलका वाटतो.

आपण उशिरा कळवतो, त्याचे कारण निव्वळ आशा नसते. परवान्याची मुदत संपलेली असते. खलाशांपैकी दोघांकडे ओळखपत्र नसते. राज्याची बारा सागरी मैलांची हद्द ओलांडलेली असते, बंदी असलेले एलईडी दिवे लावलेले असतात, बंदरातून निघण्याच्या परवानगीचे टोकन न घेता बोट गेलेली असते. माझ्या ड्यूटीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. बंदराचे नाव लिहीत नाही. बोट दोन रात्री परतली नव्हती. मालकाने जी जागा सांगितली ती किनाऱ्यापासून नऊ-दहा मैलांवरची, व्यवस्थित हद्दीतली. हेलिकॉप्टर तेथे फिरले, गस्ती जहाज फिरले, पाण्यावर जाळ्याचा साधा तुकडाही दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका ट्रॉलरने ती बोट दोर लावून आणली, आणि ती सापडली होती सांगितलेल्या जागेपासून तीस मैल पश्चिमेला. खलाशी जिवंत होते, पाणी संपलेले होते. मालकाला दंडाची भीती होती, म्हणून त्याने नकाशावर बोट सोयीच्या ठिकाणी आणून ठेवली होती. त्याला मी दोष देतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा दोष अशा व्यवस्थेचा आहे, जिच्यात मदत मागणे आणि गुन्हा कबूल करणे एकाच टेबलावर होते.

म्हणून या पत्राची प्रत मी मत्स्यव्यवसाय विभाग आणि किनारी जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक यांनाही पाठवत आहे. माझी त्यांना विनंती अशी, की संकटाच्या फोनवर सांगितलेली जागा, खलाशांची संख्या किंवा परवान्याची स्थिती यांचा वापर दंडाच्या कारवाईसाठी होणार नाही, असे त्यांनी लेखी जाहीर करावे. कायदा मोडणाऱ्या बोटी पकडायला गस्त आहे, तपासणी आहे, जेटी आहे. बुडणाऱ्या माणसाचा पत्ता हे त्याचे साधन असू नये. ते हे कधी जाहीर करतील ते मला सांगता येणार नाही, परंतु त्यासाठी आपण थांबावे असेही मला वाटत नाही. पुढे जे मागतो आहे त्याला सरकारी आदेशाची गरज नाही.

ऑपरेशन्स रूमला खबर मिळाल्यावर जे प्रश्न विचारले जातात ते अनेकांना छळाचे वाटतात. घरातला माणूस समुद्रात हरवला असताना बोटीचा रंग कसला विचारता, असे रागाने बोललेलेही मी ऐकले आहे. रंग विचारतात, कारण हेलिकॉप्टरच्या दारातून खाली पाहणाऱ्याला नाव वाचता येत नाही. पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न एकच असतो : बोटीवर माणसे किती? याचे उत्तर ‘सहा-सात’ असे आले की काम अवघड होते. सहा जण सापडल्यावर शोध थांबवायचा, की सातव्यासाठी दिवसभर समुद्र पिंजून काढायचा? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा बार्ज मुंबईच्या समुद्रात बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसे होती हे माहीत होते. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी त्या भयंकर समुद्रातून १८६ जणांना जिवंत बाहेर काढले, आणि उरलेल्यांचा शोध त्यानंतर दिवसेंदिवस चालू राहिला, कारण किती जण उरले आहेत हे ठाऊक होते. आपल्या बोटींवर आज कितीतरी खलाशी नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेशचे आहेत. त्यांच्या घरची माणसे आपल्या जेटीवर वाट पाहत उभी नसतात. त्यांच्यातला एखादा ऐन वेळी चढला आणि त्याचे नाव कोठेच लिहिले गेले नाही, तर तो हरवल्याची तक्रार करणाराही कोणी उरत नाही. हे मला फार बोचते.

नीट मोजलेल्या संख्येचे मोल काय, हे देवगडकरांना मी सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात सापडलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आल्या. त्यांची मोजदाद होऊन आकडा दक्षिणेत पोहोचला, तेव्हा कितीतरी घरांचा जीव भांड्यात पडला आणि शोध घेणाऱ्यांची तेवढी चिंता कमी झाली. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आले, तेव्हाही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बोटी समुद्रातच होत्या. त्या दिवसांत कोण बाहेर आहे आणि कोण आत आले आहे याचा हिशेब बंदरावर तोंडी चालला होता. ज्यांनी तो हिशेब केला ते आजही आपल्यात आहेत, त्यांना विचारावे.

टोकन आणि जेटीवरच्या नोंदी आज आहेत. त्यांतून बोट कधी गेली हे कळते, पण ती कधी परत यायची होती हे कळत नाही. हा उणेपणा आपल्या संस्था सहज भरून काढू शकतात, कारण सरकारी कार्यालयाला ठाऊक नसलेल्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात. डिझेलच्या परताव्यासाठी प्रत्येक बोटीचे डिझेल आपल्या वहीत येते. बोटीने किती भरले त्यावरून ती जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकते ते काढता येते. बर्फ किती नेला हे फॅक्टरीवाला सांगतो, आणि बर्फावरून ती किती दिवसांच्या तयारीने गेली हे कळते. शोध घेणाऱ्याला या दोन आकड्यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा पानभर अर्जाचा होत नाही. त्यांच्याच शेजारी तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, सांगितलेली परतीची वेळ, खलाशांची नावे आणि सोबत गेलेल्या बोटीचे नाव लिहिले, की एक ओळ पूर्ण होते.

राहिला प्रश्न जागेचा. मासा कोठे लागतो हे कोणी सांगत नाही, आणि सांगूही नये. ती त्या तांडेलाच्या अनुभवाची कमाई आहे. काही बोटी याच कारणाने ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारे यंत्र, बंद ठेवतात हेही मला माहीत आहे. तर जागा चिठ्ठीवर लिहून, पाकीट चिकटवून, बोटीचे नाव घालून संस्थेच्या कपाटात ठेवावी. बोट परतली की पाकीट न उघडता तांडेलाच्या हातात द्यावे. ठरलेली मुदत उलटली तरच ते उघडावे. अक्षांश-रेखांश लिहिता आले तर उत्तम; नसेल तर किती वाव (पाण्याच्या खोलीचे माप) पाण्यात, कोणत्या डोंगराच्या किंवा दीपगृहाच्या रोखाने, एवढे लिहिले तरी नकाशावर बसणारा माणूस त्यातून जागा काढू शकतो.

ट्रान्सपाँडरबाबत एक गोष्ट सांगून ठेवतो. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर देशभरातील एक लाख बोटींवर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाली. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून दोन्ही बाजूंनी संदेश जातो. ज्यांच्या बोटीवर तो बसला असेल त्यांनी जागेच्या गुपितासाठी तो बंद ठेवण्याआधी आपल्या खलाशांना एकदा विचारावे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटाच्या हाकेचे सोळा नंबरचे चॅनल चालू ठेवावे, कारण पहिली मदत बहुधा जवळच्याच बोटीकडून येते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाचीच स्पीडबोट धडकली. त्या दिवशी पाण्यातल्या माणसांपर्यंत सर्वांत आधी पोहोचल्या त्या आसपासच्या बोटी. नौदलात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे लिहिताना जड जाते, तरी ते जसे घडले तसेच सांगायला हवे.

सुरक्षेविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपण सभांमधून पुष्कळ ऐकले आहे. १९९३ मध्ये स्फोटके श्रीवर्धनजवळच्या शेखाडीत उतरली, २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ पळवून हल्लेखोर मुंबईपर्यंत आले. त्यानंतर २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली आणि दीपगृहांजवळ रडार बसली. पण रडारला ठिपका दिसतो, ठिपक्याचा मालक दिसत नाही. आपली कोणती बोट बाहेर आहे हे संस्थेच्या वहीत असेल, तर ‘ही आमचीच आहे’ किंवा ‘ही आमची नाही’ हे उत्तर एका फोनवर मिळते. ‘कुबेर’सारखी बोट परतलेली नाही हे लवकर कळणे ही तर सुरक्षेचीही पहिली खबर आहे.

आता रात्रपाळीच्या माणसाविषयी. प्रत्येक संस्थेने हंगामात रोज रात्री एक माणूस आलटून-पालटून नेमावा. त्याच्याकडे वही, पाकिटांच्या कपाटाची किल्ली आणि चार्ज केलेला फोन असावा. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची ते संस्थेने आधीच ठरवावे. एकदिवसीय बोटीसाठी ती मुदत दोन-तीन तासांच्या पुढे नसावी असे माझे मत आहे, आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर एका तासाच्याही पुढे नसावी. मुदत संपली की त्याने सोबतच्या बोटीला आणि शेजारच्या बंदरांना विचारावे, आणि अर्ध्या तासात पत्ता लागला नाही तर तटरक्षक दलाच्या १५५४ आणि सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकांवर कळवावे. मालकाला त्याने जरूर सांगावे, परंतु मालकाच्या होकारासाठी थांबू नये. या साऱ्या पत्रातले हेच वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि याच वाक्यावर आपल्या सभेत वाद होईल याचीही मला कल्पना आहे. तो वाद जेटीवर, एखादी बोट बाहेर असताना व्हावा, त्यापेक्षा सभेत झालेला बरा.

हा माणूस पुरुषच असला पाहिजे असे नाही. कोणत्या बोटीला उशीर झाला हे लिलावाला बसणाऱ्या बायकांना संचालकांच्या आधी कळते, हे आपण सगळे जाणतो. पाळी बदलताना येणाऱ्याने थोडे लवकर यावे आणि जाणाऱ्याने कोण बाहेर आहे ते तोंडी सांगून वहीवर दोघांनी सह्या कराव्यात. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, पांढरी शाई लावू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे आधी काय लिहिले होते तेही वाचता येते. नौदलाच्या लॉगचा, म्हणजे नोंदवहीचा, हा नियम तरुणपणी मला निव्वळ कारकुनी वाटायचा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहावी, कारण ‘सातला निघाली’ हे सकाळचे की संध्याकाळचे, यावर जेटीवर दोन मते पडतात आणि दोन्ही ठाम असतात.

फोन केला आणि बोट शेजारच्या बंदरात सुखरूप निघाली, तर हसे होईल, अशी भीती मनातून काढून टाकावी. अशा कितीतरी रात्री मी पाहिल्या आहेत आणि त्या बोटींना कोणीही शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या त्या वेगळ्या कारणासाठी : बोट परत आली, घरी जेवणे झाली, आणि ज्यांना शोधायला सांगितले होते त्यांना ती सापडल्याचे कोणी कळवलेच नाही. जहाज पहाटेपर्यंत फिरत राहिले. बोट आली की दुसरा फोन करणे हे पहिल्या फोनइतकेच त्या रात्रपाळीच्या माणसाचे काम असले पाहिजे.

खर्च म्हणावा तर वही, पाकिटे आणि रात्रीचा भत्ता. संस्थेला तो जड वाटला तर प्रत्येक फेरीमागे बोटीकडून थोडी रक्कम घेता येईल. कशी, ते आपल्याला माझ्याहून चांगले ठरवता येईल.

सभेपुढे ठेवण्यासाठी ठरावाचा मसुदा खाली देत आहे. शब्द आपल्या सोयीने बदलावेत, तिसरे वाक्य मात्र ठेवावे ही विनंती. ज्या संस्थेला वहीचे पान आखून हवे असेल किंवा पहिल्या आठवड्यात रात्री कोणी सोबत बसावे असे वाटत असेल, तेथे बाणकोटपासून जयगडपर्यंत मी स्वखर्चाने येईन.

“या सभेत असे ठरले की, हंगामात समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीची निघण्याची व परतीची वेळ, बोटीवरील सर्वांची नावे, डिझेल, बर्फ आणि सोबतच्या बोटीचे नाव यांची नोंद संस्थेकडे राहील व मासेमारीची जागा बंद पाकिटात ठेवली जाईल. दररोज रात्री संस्थेतर्फे एक व्यक्ती ड्यूटीवर राहील. ठरलेली मुदत उलटल्यानंतर तटरक्षक दल व सागरी पोलीस यांना कळवण्याचा पूर्ण अधिकार त्या व्यक्तीस राहील, त्यासाठी बोटमालक, अध्यक्ष अथवा अन्य कोणाच्याही परवानगीची आवश्यकता राहणार नाही, आणि खबर चुकीची ठरल्यास त्या व्यक्तीस जबाबदार धरले जाणार नाही.”

आपला नम्र,
एक निवृत्त नौसैनिक,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य;
पोलीस अधीक्षक, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग.